टक्क्यामागचे कारण

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाऊबंदकीच्या दाव्यांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या खर्ची घातलेल्या समाजाने अनुभवाने काढलेला हा निष्कर्ष आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु या म्हणीची छाया नको तिथेही पडते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाकारले गेले, त्यावर टक्केवारी कमी लिहिली गेली, किंवा कामगार विम्याच्या वैद्यकीय मंडळाने कमाईची हानी अल्प ठरवली, की आपला माणूस तो कागद घडी करून ट्रंकेत ठेवतो आणि नशिबाला बोल लावून गप्प बसतो. या निर्णयावर दाद मागता येते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्याची पहिली संधी त्याच्या डॉक्टरला असते. कारण तो कागद घेऊन माणूस वकिलाकडे जात नाही, आपल्या दवाखान्यात येतो. आणि आपण बहुधा काही बोलत नाही.

वैद्यकीय निर्णयावरील अपील हा डॉक्टरवरील अविश्वास आहे ही समजूत आपण टाकून द्यावी, टक्केवारी लिहिताना तिचे कारणही लिहावे, आणि ज्याला निर्णय मान्य नाही त्याला अपिलाचा मार्ग आपणहून दाखवावा, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे. स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत तसे आपले इतर बंधू-भगिनीही आहेत. दोघांचाही या विषयाशी संबंध आहे.

हे लिहिण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे. ती चूक माझी स्वतःची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, जुना १९९५ चा कायदा लागू असताना, अपंगत्व तपासणीच्या एका शिबिरात मी काम केले होते. सकाळपासून रांग लागलेली. मालधक्क्यावर हमाली करणारा, मूळचा खानदेशातला एक मनुष्य समोरच्या स्टुलावर येऊन बसला. उजवा हात यंत्रात सापडून जायबंदी झाला होता. मी हात तपासला, सांध्यांची हालचाल मोजली, पकडीची ताकद पाहिली आणि तीस टक्के असा आकडा लिहून सही केली. त्याला अपंगांच्या वित्त महामंडळाकडून छोट्या दुकानासाठी कर्ज हवे होते आणि त्याला किमान चाळीस टक्के लागत. कागद वाचून घेतल्यावर त्याने अदबीने विचारले, “साहेब, तीस कसे झाले?” मी म्हणालो, “नियमाप्रमाणे.” आणि पुढचे नाव पुकारले.

दोन वर्षांनी तोच मनुष्य गुडघा दुखतो म्हणून माझ्या दवाखान्यात आला. दारातून टेबलापर्यंत तो चालत आला आणि मी पाहतच राहिलो. त्याचा डावा पाय आखूड होता. लहानपणी मोडलेले हाड वेडेवाकडे जुळले होते. शिबिरात मी त्याला चालवून पाहिलेच नव्हते. “तेव्हा का नाही सांगितलेस?” असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही हाताचं विचारलंत, साहेब. पायाचं तर जन्माचंच झालंय.” मी त्याला पुन्हा अर्ज करावयास लावला. दुसऱ्या मंडळाने पायाचे पंधरा टक्के मोजले आणि एकूण टक्केवारी बरोबर चाळीस झाली.

तीस आणि पंधरा मिळून चाळीस कसे, असा प्रश्न सर्वसामान्य वाचकाला पडेल. शरीरातील दोन व्यंगांची सरळ बेरीज करीत नाहीत. मोठा आकडा आधी घ्यावयाचा, तो नव्वदातून वजा करावयाचा, उरलेल्या आकड्याला लहान आकड्याने गुणून नव्वदाने भागावयाचे आणि येणारी संख्या मोठ्या आकड्यात मिळवावयाची, असे त्याचे सूत्र आहे. नव्वदातून तीस गेले, साठ उरले. साठ गुणिले पंधरा, भागिले नव्वद म्हणजे दहा. तीस अधिक दहा, चाळीस. पायाचे पंधराऐवजी बारा टक्के भरले असते तर एकूण अडतीस झाले असते आणि कर्जाचे दार बंदच राहिले असते. मोजणीत तीन टक्क्यांचा फरक ही आपल्या दृष्टीने किरकोळ बाब असते. अर्जदाराच्या दृष्टीने ती दुकान आणि हमाली यांमधली भिंत असते.

त्याला कर्ज मिळाले. परंतु स्टेशनाबाहेरची ज्या जागेवर त्याची नजर होती, ती या दोन वर्षांत दुसऱ्याकडे गेली होती. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. मी मात्र तो कागद पुन्हा काढून वाचला. माझा तीसचा आकडा चुकलेला नव्हता. हाताचे तीसच होते. परंतु कागदावर “उजवा हात” एवढेच होते. पाय तपासून निर्दोष आढळले की तपासलेच गेले नाहीत, हे त्यावरून कोणालाही कळण्यासारखे नव्हते. “पाय तपासले नाहीत” असे तीन शब्द जरी मी लिहिले असते, तरी तो कागद पाहणाऱ्या कोणत्याही डॉक्टरच्या ध्यानात पाच मिनिटांत उणीव आली असती. कारण लिहिले नाही म्हणून चूक दोन वर्षे दडून राहिली.

आता कायद्याकडे वळू. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि प्रकारांची संख्या एकवीस झाली. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील जखमा, विशिष्ट अध्ययन अक्षमता अशा गोष्टी आल्या. म्हणजे हा विषय अस्थिरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ अशा मोजक्या तज्ज्ञांपुरता राहिला नाही. बालरोगतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ, मज्जासंस्थेचे तज्ज्ञ आणि त्या सर्वांच्या आधी रुग्ण पाहणारा आपला कुटुंबवैद्य हे सारेच त्यात आले.

या अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये प्रमाणपत्राची कार्यपद्धती आहे आणि ते प्रमाणपत्र देशभर ग्राह्य राहील असेही तेथेच म्हटले आहे. गुजरातेत राहणाऱ्या आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्रात परतणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही तरतूद विशेष उपयोगाची आहे. त्यापुढचे कलम ५९ फक्त अपिलाविषयी आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाने जो व्यथित झाला असेल, त्याला राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदत आणि पद्धत राज्याच्या नियमांनी ठरते. म्हणून कागद हाती पडला की त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या समाजसुरक्षा कार्यालयात चौकशी करणे इष्ट. अपंगत्वाचा निर्णय हा डॉक्टरचा शेवटचा शब्द नव्हे, हे खुद्द संसदेने लिहून ठेवले आहे. मग डॉक्टरने त्याचे वाईट का वाटून घ्यावे?

याच कायद्याखालील नियमांत आणखी एक गोष्ट आहे. अर्जदार प्रमाणपत्रास पात्र नाही असे ठरले तर त्याची कारणे त्याला लेखी कळवावी लागतात. २०१७ च्या मूळ नियमांत यासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ मधील दुरुस्तीने ती तीन महिने झाली. परंतु व्यवहारात खरी अडचण साफ नकारापेक्षा अपुऱ्या होकाराची असते. ज्याला अजिबात नाकारले त्याला निदान कारण मागता येते. ज्याच्या हाती अडतीस टक्क्यांचे रीतसर प्रमाणपत्र पडते, त्याच्या कागदावर निदान असते, शरीराचा भाग असतो, आकडा असतो आणि शिक्का असतो. तो आकडा कसा आला, हे मात्र कोठेच नसते. अशा माणसाने अपील करावयाचे ठरवले तरी कशावर करावे? ज्या निर्णयाला कारण दिलेले नाही, त्याचे खंडनही करता येत नाही.

टक्केवारीला एवढे महत्त्व का, हे आपल्या समाजातील ज्यांना या रांगेत उभे राहावे लागले नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाळीस टक्के ही पहिली पायरी. सरकारी नोकरीतील चार टक्के आणि उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागा, कर्ज, प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीतील पंचाहत्तर हजारांची वजावट हे सारे तेथून सुरू होते. ऐंशी टक्के ही दुसरी पायरी. २००९ साली सुरू झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजनेसाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ऐंशी टक्के अपंगत्व अशी दुहेरी अट आहे, आणि त्यातील केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांखालील व्यक्तीसाठी दरमहा तीनशे रुपये आहे. आजच्या ओळखपत्राचे रंगही याच पायऱ्यांवर ठरतात : चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते ऐंशी पिवळा, त्यापुढे निळा. मनुष्याचे दुःख उतरणीसारखे हळूहळू वाढत जाते. सरकारची मदत मात्र जिन्यासारखी पायरीपायरीने मिळते. पायरीच्या अलीकडे एक टक्का राहिलेल्या माणसाला काहीच मिळत नाही. म्हणून पायरीजवळच्या प्रत्येक आकड्याला दुसऱ्या डोळ्यांनी तपासण्याची सोय असावी लागते. अपील म्हणजे ती सोय होय.

बाजव्याच्या परिसराला या प्रश्नाची आणखी एक बाजू जवळची आहे. कोयलीची रिफायनरी, फर्टिलायझरनगरचा खतांचा कारखाना, नंदेसरीची रसायन वसाहत यांच्या आधाराने साठच्या दशकापासून हा भाग वाढला आणि आपल्यापैकी पुष्कळांचे वडील याच निमित्ताने येथे आले. कारखाना म्हटला की अपघात आला, आणि अपघात म्हटला की भरपाईचा प्रश्न आला. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने येथे एक शिडी उभी केली होती : आधी वैद्यकीय मंडळ, त्यावर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण, आणि त्याहून वर कर्मचारी विमा न्यायालय. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पण मंडळाच्या निर्णयावर अपिलाची सोय संहितेनेही राखली आहे. ही शिडी आहे हे किती कामगारांना ठाऊक आहे? कंत्राटी कामगारांची तर गोष्टच सोडा.

कामगाराच्या बाबतीत टक्केवारीचा अर्थच वेगळा होतो, आणि येथे आपल्याकडून नकळत अन्याय घडतो. भरपाई ठरते ती अवयवाच्या हानीवर नव्हे, कमाईच्या शक्तीच्या हानीवर. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबाता हा तो खटला; निकाल डिसेंबर १९७५ चा. एका सुताराचा डावा हात अपघातानंतर कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे असे की ही अंशतः हानी आहे, परिशिष्टातील टक्केवारीप्रमाणे भरपाई व्हावी. न्यायालयाने म्हटले की सुतारकाम एका हाताने होत नाही. या माणसाच्या दृष्टीने ही पूर्ण हानी आहे. हाच विचार २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात अधिक स्पष्ट झाला. एका अवयवाची हानी, संपूर्ण शरीराच्या हिशेबात ती हानी आणि कमाईवरील परिणाम या तीन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीचा आकडा उचलून तिसरीच्या जागी ठेवू नये, असे न्यायालयाने बजावले. सढळ हाताने वाटल्या जाणाऱ्या तयार प्रमाणपत्रांवरही त्या निकालात कडक शब्दांत टीका आहे. म्हणजे न्यायालयाची अपेक्षा दुहेरी आहे. आकडा फुगवू नका आणि आकड्याच्या आड लपूही नका. माणूस काय काम करीत होता आणि आता काय करू शकत नाही, ते सांगा.

हीच अपेक्षा अलीकडे वैद्यकीय शिक्षणाच्या संदर्भात अधिक जोराने पुढे आली, आणि तिला निमित्त महाराष्ट्रातील एक विद्यार्थी झाला. त्याला वाणी व भाषेचे अपंगत्व होते. प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक असल्याने त्या वेळच्या नियमानुसार तो एम.बी.बी.एस.ला अपात्र, असे तपासणी मंडळाने ठरवले. तो मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील मंडळाकडून त्याची पुन्हा तपासणी करविली. त्या मंडळाने तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल असे मत दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला प्रवेश मिळाला आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई, न्या. अरविंद कुमार व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सविस्तर कारणे दिली. केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. मंडळाने त्या व्यक्तीची प्रत्यक्ष क्षमता पाहावी. अपात्र ठरवल्यास कारणे नोंदवावीत. आणि स्वतंत्र अपील मंडळ निर्माण होईपर्यंत अशा निर्णयांना न्यायालयात आव्हान देता येईल, असा त्याचा सारांश आहे. दहाच दिवसांनी, २५ ऑक्टोबर रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ओम राठोड प्रकरणात हाच धागा पुढे नेला. तपासणी मंडळांनी यंत्रासारखे केवळ आकडे मोजू नयेत, असा त्या निकालाचा रोख आहे.

यातील एक गोष्ट आपण डॉक्टरांनी विशेष लक्षात घ्यावी. पहिल्या मंडळात डॉक्टर होते, दुसऱ्यातही डॉक्टरच होते. पहिल्यासमोर प्रश्न होता, “टक्के किती?” दुसऱ्यासमोर प्रश्न होता, “हा मुलगा हे शिक्षण घेऊ शकेल का?” प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदलले. पहिल्या मंडळाने त्याला लागू असलेला नियम पाळला होता. परंतु एका मुलाच्या आयुष्याचा निर्णय नियमाच्या एका आकड्यावर अडला होता आणि अपिलाशिवाय तो सुटण्यासारखा नव्हता.

ज्यांच्या घरी फौजेची परंपरा आहे, त्यांना सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचे वाद परिचित असतील. तेथेही २ जुलै २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेच सांगितले आहे. भरतीच्या वेळी निरोगी म्हणून घेतलेल्या जवानाला नोकरीत व्याधी जडली तर ती सेवेमुळे जडली असे मानावयाचे. तसे नसेल तर वैद्यकीय मंडळाने त्याची कारणे लिहावयाची. कारखाना, महाविद्यालय, सैन्य ही तिन्ही क्षेत्रे एकमेकांपासून दूर आहेत; पण तिन्ही ठिकाणी न्यायालय डॉक्टरकडे एकच गोष्ट मागत आहे, ती म्हणजे लिहिलेले कारण.

आपल्या इतिहासालाही ही मागणी नवी नाही. मराठेशाहीतील महजर किंवा निवाडपत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, की त्यांत वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे म्हणणे, कोणाच्या साक्षी झाल्या, कोणते कागद पाहिले हे सारे आधी येते आणि निवाडा नंतर येतो. वतनाचा वाद पुढे वरच्या सभेकडे नेला तरी खाली काय पाहिले गेले ते वरच्याला कळत असे. एका एकर-दोन एकरांच्या वतनासाठी एवढे लिहिले जात असेल, तर माणसाच्या हातापायासाठी चार ओळी लिहिणे जड का व्हावे?

यावर व्यवसायबंधूंचे आक्षेप मला ठाऊक आहेत. ते अवास्तवही नाहीत. पहिला आक्षेप वेळेचा. रांगेत शंभर माणसे असताना निबंध कोण लिहीत बसणार? निबंधाची गरजच नाही. कोणता भाग तपासला, कोणता तपासला नाही, कोणते माप आले, कोणते अहवाल पाहिले, आणि हे माप आकड्यात कसे बदलले, एवढे चार मुद्दे पुरतात. नीट छापलेला एक फॉर्म असेल तर हे काम दोन मिनिटांचे आहे. दुसरा आक्षेप भीतीचा. लिहिले की ते न्यायालयात वाचले जाईल. खरे आहे, पण न लिहिलेलेही न्यायालयात वाचले जाते आणि त्याचा अर्थ आपल्याविरुद्ध लावला जातो. ज्याने काय पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदवले आहे, त्याचे मत वरच्या मंडळाने बदलले तरी त्याच्या सचोटीवर डाग येत नाही.

तिसरा आक्षेप खोट्या अर्जदारांचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. २०२४ साली महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला आणि या सर्व व्यवस्थेवरच संशयाचे सावट पसरले. कपटाने सवलत घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१६ च्या कायद्यातही आहे, आणि ती हवीच. परंतु खोट्याला रोखण्याचा उपायही कारण लिहिणे हाच आहे. दडपण आणणारा मनुष्य आकडा मागू शकतो. माप आणि अहवाल त्याला तसे सहज मागता येत नाहीत. शिवाय आपली कठोरता अनेकदा चुकीच्या माणसावर पडते. लबाड मनुष्य कागदपत्रांत वाकबगार असतो, त्याला अपिलाची वाट ठाऊक असते. ज्याला ती ठाऊक नसते, तो पायाचे जन्माचेच झाले आहे म्हणून गप्प राहतो.

आणि मुळात, दुसऱ्याचे मत ही आपल्या शास्त्रात अपमानाची गोष्ट कधी होती? शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने दुसऱ्या सर्जनचा सल्ला घेतला तर आपण त्याला शहाणा म्हणतो. गाठीची काच मुंबईला पुन्हा तपासण्यास पाठवली तर येथल्या पॅथॉलॉजिस्टला राग येत नाही. कित्येकदा तोच तसे सुचवतो. मग तोच रुग्ण टक्केवारीवर दुसरे मत मागू लागला की त्यात आपल्याला उद्धटपणा का दिसावा? कारण एवढेच की दवाखान्यात आपण स्वतःला डॉक्टर समजतो आणि प्रमाणपत्राच्या टेबलाशी बसलो की अधिकारी समजू लागतो. “नियमाप्रमाणे” हे माझे उत्तर डॉक्टरचे नव्हते.

आता काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. आपल्यापैकी फार थोडे जण तपासणी मंडळावर असतील. परंतु मंडळाकडे जाणारा प्रत्येक रुग्ण आधी आपल्यापैकी कोणाचा तरी असतो. त्याला पाठवताना डोक्यापासून पायापर्यंत तपासून एक पानाचा सारांश द्यावा. त्यात व्याधी केव्हापासून, कोणते उपचार झाले, अहवाल कोणते, आणि मुख्य म्हणजे तो काय करू शकत नाही हे साध्या शब्दांत लिहावे : जिना चढता येत नाही, शर्टाची बटणे लावता येत नाहीत, दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही. आकडा आपण सुचवू नये आणि लक्षणे फुगवूही नयेत. फुगवलेला सारांश पहिल्या तपासणीत फुटतो आणि खऱ्या तक्रारीचीही किंमत घालवतो.

कागद परत आला की तो वाचून दाखवावा. १ जून २०२१ पासून ही प्रमाणपत्रे केंद्राच्या संकेतस्थळावरूनच दिली जातात. कित्येक अर्जदारांना तो मजकूर कळतही नाही. निर्णय योग्य वाटला तर तसे स्पष्ट सांगावे, कारण व्यर्थ अपिलात त्याचे दिवस आणि रोजगार बुडू नयेत. उणीव दिसली तर ती नेमकी कोणती हे लिहून द्यावे आणि अपिलाची मुदत सांगावी. तपासणीचे टिपण कागदासोबत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या कायद्यानुसार, आपल्या स्वतःच्या तपासणीची प्रत मागता येते आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. सवलत नाकारली जाणे, कचेरीतील टाळाटाळ अशा तक्रारींसाठी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. यातल्या कशालाही सुरुवातीस वकील लागत नाही.

समाजातील इतरांना माझी एक विनंती आहे. मामलतदार कचेरीची भाषा गुजराती, नियमांची भाषा इंग्रजी आणि म्हाताऱ्या आईची भाषा मराठी, अशा त्रांगड्यात आपल्यातले पुष्कळ अर्ज अडतात. शिकलेल्या मुलामुलींनी शेजाऱ्याचा एक अर्ज भरून दिला, एक अपील टंकून दिले, तर ते कोणत्याही देणगीपेक्षा कमी मोलाचे नाही. आपल्या मंडळाने महिन्यातील एक सायंकाळ याच कामासाठी राखावी, असे मी सुचवितो. दोन डॉक्टर, फॉर्म जाणणारा एक निवृत्त कर्मचारी, आणि एक टेबल एवढे साहित्य पुरे. पहिल्या वर्षी दहा कागद जरी नीट वाचले गेले तरी उपक्रम सार्थकी लागेल.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ठीक आहे. अपील प्राधिकाऱ्याची पायरी ही कोर्टाची पायरी नव्हे. ती कायद्याने आपल्या माणसासाठीच बांधली आहे, आणि ज्याचा पाय आखूड आहे त्याला ती चढताना आधार लागतो. यापुढे कोणी मला “साहेब, इतके कसे झाले?” असे विचारले, तर मी लेखणी खाली ठेवून आधी त्याला कारण सांगेन आणि मग ते त्याच्या कागदावर लिहीन. माझ्या व्यवसायबंधूंकडूनही माझी एवढीच अपेक्षा आहे.